तिलिस्माचा दरवाजा आणि जंगलातली चौकी

'तिलिस्म' हा शब्द मराठीत फारसा रुळला नाही. मायानगरी, मायाजाल, इंद्रजाल हे शब्द त्याच्या जवळ जातात, पण तिलिस्माचा पुरा अर्थ त्यांच्यात मावत नाही. मूळ शब्द ग्रीक 'टेलेस्मा'. तो अरबीत 'तिलस्म' झाला, फारसीतून उर्दूत आला, आणि अरबीतूनच युरोपात जाऊन 'टॅलिस्मन' बनला. ताईत, मंतरलेली वस्तू असा त्याचा साधा अर्थ. उर्दू दास्तानगोंनी मात्र या लहानशा शब्दात एक सबंध मुलूख वसवला. त्यांच्या तिलिस्मात बादशहा असतो, वजीर असतो, फौज असते, बाजार असतो, कायदा असतो. हा मुलूख आपल्या जगाला लागूनच असतो, पण त्याचा दरवाजा कोणाला दिसत नाही.

दास्तानींविषयी लिहिणारे बहुधा लढायांविषयी लिहितात, अय्यारांच्या करामतींविषयी लिहितात. आम्हाला मात्र त्या दरवाजाचाच थोडा इतिहास मांडायचा आहे. हा दरवाजा कुठे असतो, त्यावर पहारा कोणाचा असतो, आणि तो कोणाला उघडता येतो? एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जाताना त्याचे काय झाले? हा प्रश्न आम्हाला वर्गातून मिळाला. उर्दू शाळेतली आमची मुले 'खुल जा सिमसिम' म्हणतात. शेजारच्या मराठी शाळेतली मुले 'तिळा तिळा दार उघड' म्हणतात. दरवाजा एकच आहे हे दोन्हीकडच्या मुलांना कोणी सांगितलेले नाही.

सरहद्दीवरचे हरीण

'तिलिस्म-ए-होशरुबा' ही 'दास्तान-ए-अमीर हमजा'तली सर्वांत गाजलेली दास्तान. होशरुबा म्हणजे शुद्ध हरपून टाकणारा. आरंभी एक खुलासा केला पाहिजे. प्रेषित मुहम्मद (स.) यांचे चुलते हजरत हमजा (रजि.) इ.स. ६२५ मध्ये उहुदच्या लढाईत शहीद झाले, हा इतिहास आहे. दास्तानीतला अमीर हमजा परीलोकात जातो, देवांशी झुंजतो, जादूगारांची राज्ये जिंकतो. तो कल्पनेतला नायक आहे. हा फरक दास्तानगोंना ठाऊक होता आणि ऐकणाऱ्यांनाही.

होशरुबाची सुरुवातच सरहद्दीवर होते. स्वतःला खुदा म्हणवणारा लका अमीर हमजापुढून पळत पळत कोहिस्तानात येतो. तिथला राजा सुलेमान अंबरीन-मू त्याला आसरा देतो. हमजाची फौज पाठोपाठ येऊन ठाकते. सुलेमानच्या राज्याला लागूनच होशरुबाचा तिलिस्म आहे आणि त्याचा बादशहा आहे अफ्रासियाब. मदत मागायची तर त्याच्याकडे, पण तिलिस्मात निरोप पोचवायचा कसा? मुलखाला वेस नाही, वेशीवर द्वारपाल नाही. दास्तानगोने तोड काढली ती अशी. सरहद्दीवरच्या डोंगरावर एक नगारा ठेवलेला आहे. अर्जी लिहायची, डोंगरावर ठेवायची आणि नगाऱ्यावर टिपरू मारायचे. आवाज होताच जादूचा पंजा येतो, कागद उचलतो आणि थेट अफ्रासियाबच्या दरबारात नेऊन ठेवतो. जबाब त्याच वाटेने येतो. पुढे मदतीला जादूगार येतात तेही तिकडूनच. आडरानातल्या ठाण्यासाठी गुप्त दरवाजा असा चालतो. बाहेरून पाहणाऱ्याला एक उजाड डोंगर आणि त्यावर एक नगारा, एवढेच दिसते.

सुलेमान हा दरवाजा माहीत असून वापरतो. हमजाचा मुलगा बदीउज्जमाँ मात्र नकळत त्यात अडकतो. तो शिकारीला निघतो, रानात एका देखण्या हरणामागे घोडा घालतो आणि त्याला मारतो. ते हरीण खरे हरीण नसते. सरहद्द राखायला ठेवलेला तो अफ्रासियाबचा जादूगार असतो. हरीण पडते आणि शहजादा कैद होतो. मारीच राक्षसाच्या सुवर्णमृगाची गोष्ट ज्यांनी ऐकली आहे त्यांना हे हरीण ओळखीचे वाटेल. रानातले सुंदर जनावर माणसाला हद्दीपलीकडे ओढून नेते, ही कल्पना या देशाच्या मातीत फार खोल रुजलेली आहे. लखनौच्या दास्तानगोंनी त्या हरणाला चौकीवरचे काम दिले.

आत गेल्यावरही एकच दरवाजा लागत नाही. होशरुबाचे तीन भाग आहेत: जाहिर, बातिन आणि जुल्मात. जाहिर म्हणजे दिसणारा, बातिन म्हणजे दडलेला, जुल्मात म्हणजे काळोखाचा. जाहिर आणि बातिन यांच्या मधून रक्ताची नदी वाहते. तिच्यावर धुराचा पूल आहे आणि पुलावर धुराचेच दोन सिंह पहारा करतात. जाहिर-बातिन हे शब्द आपल्या परिचयाचे आहेत. ते सूफींच्या बोलण्यातले आणि मदरशाच्या शिकवणीतले. दास्तानगोने ते उचलून मुलखाचा नकाशा बनवला. ऐकणाऱ्याला तो समजावून सांगावा लागला नसणार.

आता हा तिलिस्म तोडायचा कसा? तलवारीने तो तुटत नाही. प्रत्येक तिलिस्माची एक 'लौह' असते, म्हणजे पाटी. ती ज्याच्या नशिबात असेल तोच 'तिलिस्म-कुशा'. कोणत्या दाराशी काय करायचे हे ती पाटी त्याला सांगते. होशरुबाच्या बाबतीत हा मान हमजाचा नातू असद याचा आहे. पण असद एकटा काही करू शकत नाही. त्याच्या बाजूने उभ्या राहतात महरुख आणि बहार. महरुख अफ्रासियाबच्या नात्यातली, तर बहार त्याच्या बेगमेची, हैरतची, सख्खी बहीण. दोघीही जादूगारिणी, दोघीही तिलिस्मातच वाढलेल्या. आणि बाहेरून येतो अम्र अय्यार, आमच्या मुलांचा लाडका 'उमरो अय्यार'. त्याच्याजवळ जादू नाही. एक झंबील आहे, ज्या पिशवीत सारी दुनिया मावते. एक कांबळे आहे, जे पांघरले की तो कोणाला दिसत नाही. बाकी सगळी हुशारी. म्हणजे तिलिस्माचा दरवाजा उघडायला तीन गोष्टी लागतात: वाचता येणारी पाटी, आतल्या माणसाची साथ आणि वेष पालटून दोन्हीकडे वावरणारा एखादा चलाख. आम्हाला ही मांडणी फार अर्थपूर्ण वाटते. तिच्याकडे आम्ही शेवटी पुन्हा येऊ.

अकबराचे कापड, लखनौचा कागद

हमजाची कथा फारसीतून हिंदुस्तानात आली. अकबर बादशहाला तिचे वेड होते. साधारण १५६२ पासून पंधरा वर्षे त्याच्या चित्रशाळेत 'हमजानामा' रंगवला जात होता. मीर सय्यद अली आणि अब्दुस्समद या इराणी उस्तादांच्या देखरेखीखाली हिंदू आणि मुसलमान चितारी एकत्र काम करीत होते. कापडावरची मोठमोठी सुमारे १४०० चित्रे तयार झाली. आज त्यातली दोनशेही उरलेली नाहीत. जी उरली त्यांतली बहुतेक व्हिएन्ना, लंडन अशा परक्या शहरांत आहेत. लंडनच्या संग्रहातली काही चित्रे १८८१ मध्ये श्रीनगरला मिळाली. तिथल्या एका दुकानात ती खिडक्या झाकायला लावलेली होती. बादशहाच्या दरबारातली चित्रे थंडी अडवायला खिडकीवर आली, यावरून पुढच्या काळात या वारशाची काय किंमत राहिली होती ते समजते.

उर्दूत ही कथा छापली गेली ती प्रथम कलकत्त्याला. फोर्ट विल्यम कॉलेजसाठी खलील अली खान 'अश्क' यांनी १८०१ मध्ये ती लिहिली. पण तिचे खरे वैभव लखनौचे. मुन्शी नवलकिशोर यांनी १८५८ मध्ये, म्हणजे बंडाची राख पुरती निवालीही नव्हती तेव्हा, लखनौत छापखाना काढला. या छापखान्यातून कुरआन शरीफही छापले गेले आणि हिंदूंचे धर्मग्रंथही. त्याच छापखान्याने दास्तानगोंना पगारी लिहायला बसवले आणि हमजाची दास्तान एकामागून एक खंडांत बाहेर पडू लागली. एकूण ४६ जाडजूड खंड झाले. होशरुबाचा पहिला खंड १८८३ चा. पहिले चार खंड मुहम्मद हुसैन 'जाह' यांचे, पुढचे अहमद हुसैन 'कमर' यांचे. ही कथा फैजीने अकबरासाठी रचली असे सांगण्याची तेव्हा रीत होती. अभ्यासक ते मानत नाहीत. होशरुबा ही लखनौच्याच दास्तानगोंची निर्मिती आहे.

हे खंड कोणत्या काळात छापले गेले तेही पाहावे. अवधचे राज्य १८५६ मध्ये कंपनी सरकारने खालसा केले. वाजिद अली शाह कलकत्त्याला गेले. जुना दरबार, जुने हुद्दे, जुने आश्रयदाते संपले. ज्या शहराने आपले राज्य एका कागदाच्या हुकुमाने जाताना पाहिले, त्याच शहरात पाटीवरच्या अक्षरांनी तुटणाऱ्या राज्याची दास्तान हजारो पानांत छापली जात होती. दास्तानगोंनी हे ठरवून केले असा आमचा दावा नाही. पण ऐकणाऱ्यांच्या मनात ते आले नसेल असे म्हणवत नाही.

सिंहाची जीभ

लखनौचा हा दरवाजा विंध्याच्या रानात नेला तो बाबू देवकीनंदन खत्री यांनी. त्यांचा जन्म १८६१ चा. सुरुवातीचे शिक्षण उर्दू-फारसीत झालेले. काशीच्या महाराजांकडून त्यांनी चकिया आणि नौगढच्या जंगलांचा ठेका घेतला होता. लाकडाचा व्यापारी रानात जे पाहतो ते त्यांनी पाहिले: दऱ्या, गुहा, नाले आणि झाडीत हरवलेले पडके किल्ले. १८८८ मध्ये त्यांची 'चंद्रकांता' प्रसिद्ध होऊ लागली. ही कादंबरी वाचण्यासाठी पुष्कळांनी नागरी लिपी शिकली असे म्हटले जाते. त्यांत उर्दू वाचणारे कमी नसणार, कारण तिलिस्म आणि अय्यारी ही त्यांच्याच घरातली चीज होती.

'चंद्रकांते'त नौगढचा राजकुमार वीरेंद्रसिंह आहे, विजयगढची राजकन्या चंद्रकांता आहे, चुनारचा राजा शिवदत्त आहे. ही तिन्ही ठिकाणे नकाशावर आहेत. नौगढ आज चंदौली जिल्ह्यात, विजयगढ सोनभद्रमध्ये, चुनार मिर्झापूरमध्ये. विजयगढच्या किल्ल्यात रामसागर नावाचा तलाव आहे आणि हजरत मीरान शाह बाबांची दर्गाहही आहे.

वीरेंद्रसिंहाचा अय्यार तेजसिंह. त्याचा बटवा म्हणजे अम्र अय्यारच्या झंबिलीचा धाकटा भाऊच. या तेजसिंहाचा रानात एक गुप्त अड्डा आहे. डोंगराच्या पोटात एक दार, दारावर दगडी सिंहाचा चेहरा. सिंहाच्या तोंडात हात घालून जीभ बाहेर खेचली की दार सरकते. आत बोगदा, बोगद्यापलीकडे चारी बाजूंनी कड्यांनी वेढलेली हिरवी दरी. पकडलेले शत्रू तेजसिंह इथे आणून ठेवतो. राजा शिवदत्तही इथेच कैद होतो. भोवतालच्या रानातून शेकडो लाकूडतोडे आणि गुराखी जात असतील, पण सिंहाची जीभ ओढायची असते हे कोणाला ठाऊक?

इथे दरवाजाचा इतिहास एक वळण घेतो. होशरुबातला पंजा जादूचा होता. तेजसिंहाचा सिंह कळीचा आहे. खत्रींच्या तिलिस्मात खटके, चाके, साखळ्या आणि औषधी धूर असतात. ज्याच्याजवळ अपार दौलत आहे आणि वारस नाही, असा माणूस तिलिस्म बांधून घेतो आणि पुढे जन्मणाऱ्या योग्य पुरुषासाठी दौलत राखून ठेवतो, असा खुलासाही कादंबरीत आहे. ज्या काळात हिंदुस्तानात रेल्वे आणि तारायंत्र पसरत होते, त्या काळातल्या वाचकाला सुधारलेला दरवाजा हवा होता. खत्रींनी जादू काढली आणि यंत्र बसवले. चौकट मात्र जुनीच राहिली. अय्यार, तिलिस्म, तिलिस्म तोडणारा ठरलेला वीर, हे सारे जसेच्या तसे.

आणखी एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. होशरुबात पलीकडच्या बाजूला मूर्तिपूजक जादूगार आहेत आणि विजय इस्लामच्या लष्कराचा होतो. 'चंद्रकांते'त खलनायक क्रूरसिंहाचे अय्यार आहेत नाजिम आणि अहमद. प्रत्येक कथेने आपल्या वाचकाकडे पाहून शत्रूची नावे ठरवली. पण दोन्हीकडे शेवटपर्यंत हे नाव टिकत नाही. क्रूरसिंह आणि शिवदत्त हिंदूच आहेत, आणि महरुख-बहारखेरीज हमजाचे लष्कर एक दारही ओलांडू शकत नाही. ज्यांना या पुस्तकांतून फक्त धर्मयुद्ध वाचायचे असते, ते दरवाजापाशी पोचतच नाहीत.

तिळाचे दार

महाराष्ट्रात हे दार वेगळ्या वाटेने आले. कृष्णशास्त्री चिपळूणकर यांच्या 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' १८६१ पासून प्रसिद्ध होऊ लागल्या. नावात अरबी भाषा असली तरी भाषांतर इंग्रजीवरून होते. त्याच वर्षी लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' आली आणि मराठीत अद्भुतरम्य कादंबऱ्यांचे युग सुरू झाले. मुंबई आणि पुण्याच्या वाचकाला अरबी गोष्ट लंडनमार्गे मिळाली. शेजारच्या मोहल्ल्यात उर्दू-फारसी किस्से ऐकवले जात होते, पण ती वाट वापरली गेली नाही.

अलीबाबाच्या गोष्टीचा जन्म तर याहून नवलाचा आहे. 'अलिफ लैला'च्या जुन्या अरबी हस्तलिखितांत ही गोष्ट नाही. हलब शहरातल्या हन्ना दियाब नावाच्या ख्रिस्ती तरुणाने १७०९ मध्ये ती पॅरिसला आंत्वान गालाँ या फ्रेंच भाषांतरकाराला सांगितली. गालाँच्या पुस्तकात ती १७१७ मध्ये छापली गेली. त्यानंतर ती जगभर फिरून पुन्हा पूर्वेकडे आली. रान, रानात खडक, खडकात दार, दारामागे चोरांचे ठाणे आणि दार उघडणारा एक शब्द. अरबीत 'सिमसिम' म्हणजे तीळ. हिंदी-उर्दूने तो शब्द तसाच ठेवला, त्यामुळे आमच्या मुलांना सिमसिम हे कुणा जिन्नाचे नाव वाटते. मराठीने त्याचे भाषांतर केले, त्यामुळे मराठी मुलाला दारापुढे उभे राहून तिळाला हाक मारण्यात गंमत वाटते. अलीबाबाचा भाऊ कासिम आत जातो, दौलत पाहून शब्द विसरतो, सगळ्या धान्यांची नावे घेतो आणि तीळ तेवढा आठवत नाही. संक्रांतीला शेजाऱ्यांकडून आलेला तिळगूळ खाताना ही गोष्ट आम्ही मुलांना सांगतो. एकदा सांगितली की विसरत नाहीत.

दार बंद झाले ते कसे

दास्तानीचे दार बाहेरच्यांनी बंद केले असे म्हणणे सोपे आहे. खरे म्हणजे पहिला धक्का आपल्याच सुधारकांनी दिला. १८५७ नंतर आपल्या पराभवाची कारणे शोधताना त्यांना दास्तानीही आरोपीच्या पिंजऱ्यात दिसल्या. खोट्या गोष्टी, आशिकी, वेळेचा अपव्यय. डेप्युटी नजीर अहमद यांच्या 'तौबतुन्नसूह' (१८७४) या कादंबरीत धर्मभीरू बाप आपल्या शायर मुलाची पुस्तके जाळून टाकतो. लेखकाची सहानुभूती बापाकडे आहे. सुधारकांचा हेतू चांगला होता. मुलींचे शिक्षण, नवी विद्या, साधी भाषा यांसाठी त्यांनी आयुष्य वेचले. पण दास्तानीला खोटे ठरवताना त्यांनी एक फरक पुसला. खोटे बोलणे आणि गोष्ट सांगणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग नाटक आले, बोलपट आला. दिल्लीचे शेवटचे मोठे दास्तानगो मीर बाकर अली १९२८ मध्ये वारले. अखेरच्या काळात ते सुपारी विकून पोट भरत. त्यानंतर भाषेची आणि लिपीची भांडणे तीव्र झाली, देशाची फाळणी झाली. 'चंद्रकांता' हिंदीची झाली, 'होशरुबा' उर्दूची. एकाच दास्तानीची दोन नातवंडे एकमेकांना ओळखेनाशी झाली. १९९४ मध्ये 'चंद्रकांता' दूरदर्शनवर आली तेव्हा घराघरांतून ती पाहिली गेली. तिचे आजोळ लखनौत आहे हे किती घरांतून बोलले गेले असेल?

शम्सुर्रहमान फारुकी यांनी दास्तानीचे ४६ खंड मिळवण्यासाठी आणि वाचण्यासाठी आयुष्याची कितीतरी वर्षे दिली. दास्तान ही वाचण्याची नव्हे, ऐकण्याची कला आहे आणि तिला कादंबरीच्या मापाने मोजू नये, हे त्यांनी ठासून मांडले. २०२० मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्याच प्रेरणेने महमूद फारुकी यांनी २००५ मध्ये दिल्लीत दास्तानगोई पुन्हा मंचावर आणली. पांढरे अंगरखे घालून दोन माणसे बैठकीवर बसतात आणि नुसत्या बोलण्यावर तिलिस्म उभा करतात. ज्यांना उर्दू वाचता येत नाही असे तरुणही ते ऐकायला येतात.

आता आमच्या वर्गाकडे वळू. आमच्या मुलांच्या पाठ्यपुस्तकातली उर्दू सोपी केलेली असते. होशरुबाची फारसी वळणाची भाषा त्यांना कळत नाही, आम्हालाही शब्दकोश जवळ ठेवावा लागतो. दुसरीकडे, ही मुले मराठी शिकतात ती मार्कांपुरती. मराठीत आपले काही आहे असे त्यांना वाटत नाही. मराठी शाळेतल्या मुलाला उर्दूत त्याच्यासाठी काही आहे असे वाटत नाही. दोघांच्या मधून जी नदी वाहते तिच्यावरचा पूल धुराचा आहे. भाषणांतून तो दिसतो, पाय ठेवायला मिळत नाही.

होशरुबाची पाटी कोणाच्या हातात द्यायची, हा प्रश्न म्हणून आमच्यासारख्यांना टाळता येत नाही. महरुख आणि बहार या तिलिस्मात वाढल्या होत्या म्हणूनच त्यांना वाटा माहीत होत्या. मराठी मुसलमान लेखक, उर्दू शाळांतले मराठीचे शिक्षक, घरी दखनी किंवा कोकणी आणि बाजारात मराठी बोलणारी आपली माणसे, यांना दोन्ही मुलखांच्या वाटा ठाऊक आहेत. हे काम इंग्रजीवरून होणार नाही. हमजाची दास्तान इंग्रजीत गेली, तिचे कौतुक झाले. आता मराठी वाचकाला ती पुन्हा लंडनमार्गे मिळावी का? चिपळूणकरांच्या काळात दुसरी वाट दिसत नव्हती. आपल्याला ती दिसते आहे.

सगळे ४६ खंड नकोत. बदीउज्जमाँचे हरीण, डोंगरावरचा नगारा, धुराच्या पुलावरचे सिंह, अम्र अय्यारचे पाच-सहा वेष, एवढेच सुरुवातीला मराठीत यावे. मुलांसाठी यावे, मोठ्या अक्षरांत, चित्रांसह यावे, आणि उर्दूतला प्रसंग व मराठीतला प्रसंग समोरासमोरच्या पानांवर छापावा. म्हणजे एकाच बाकावर बसून दोन मुलांना एकच गोष्ट दोन बाजूंनी वाचता येईल. उर्दू उजवीकडून सुरू होते आणि मराठी डावीकडून. दोन्ही मुले मधल्या शिवणीपाशी भेटतील.